घरी लिहिलेली डीव्हीडी शेवटी का अडकते: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

"दादा, वरमालेपर्यंत मस्त चालली, पन बिदाई आली का अटकून राह्यली." लग्नाची डीव्हीडी घरी नेल्यानंतर दुसऱ्या दिवशी येणारा हा फोन मला पाठ झाला आहे. जुन्या कॅसेटी, लग्नसमारंभ आणि शाळांची गॅदरिंगे यांच्या डीव्हीडी करून देण्याचे काम मी नागपुरात घरूनच बारा वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे. स्वतःच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संगणकांवर हा दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्यामुळे फोनवरचा माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: डिस्क अडकते ती सुरुवातीला, मधेच की शेवटी? या उत्तरात निम्मा शोध संपतो, म्हणून आधी लक्षणे ओळखावीत आणि मगच कशाला हात लावावा.

लक्षणे

टीव्हीला जोडलेला प्लेअर डिस्क घेतच नाही, 'नो डिस्क' किंवा 'अननोन डिस्क' दाखवतो, पण संगणकावर तीच डिस्क व्यवस्थित उघडते. अशा वेळी डिस्क बहुधा चांगली असते आणि तिच्यावर माहिती चुकीच्या स्वरूपात लिहिलेली असते.

लिहिणे सुरू होताच 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' (लेझरची शक्ती जुळवता आली नाही अशी सूचना) येते किंवा काही टक्क्यांवर काम थांबून डिस्क वाया जाते. येथे संशय डिस्क, वीजपुरवठा आणि लेझर यांच्यावर, याच क्रमाने घ्यावा.

लिहिणे पूर्ण होते, संदेशही यशस्वी झाल्याचा येतो, पण शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि आवाज तुटतो. डीव्हीडी आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते, त्यामुळे चित्रफितीचा शेवट डिस्कच्या अगदी बाहेरच्या पट्ट्यात येतो, आणि डिस्क वाकडी असेल, रंगद्रव्याचा थर कमीअधिक पसरला असेल किंवा लिहिण्याचा वेग जास्त असेल तर त्याचा परिणाम तेथेच सर्वांत जास्त दिसतो. बिदाई अडकते ती याच कारणाने.

याच्यासारखेच दिसणारे, पण वेगळे असे आणखी एक लक्षण आहे. डिस्क शेवटी न अडकता वरातीच्या नाचात, फटाक्यांत किंवा दिव्यांच्या माळा लुकलुकत असताना अडकते आणि शांत दृश्य आले की पुन्हा नीट चालते. हा डिस्कचा दोष नाही. चित्रफीत तयार करताना बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरली जाणारी माहिती, जास्त ठेवला गेला आहे.

काही डिस्क लिहिल्या त्या दिवशी उत्तम चालतात आणि वर्षभराने वाचल्याच जात नाहीत. आणि शेवटी, संगणकातला ड्राइव्ह सीडी वाचतो, सीडी लिहितोही, पण डीव्हीडी टाकली की गप्प बसतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर ड्राइव्हमध्ये असतात, आणि एक जिवंत असताना दुसरा संपू शकतो, हे लक्षात आले की या कोड्याचा उलगडा होतो.

तपासण्या सुरू करण्यापूर्वी एक पथ्य सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डिस्क, वेग आणि सॉफ्टवेअर ही तिन्ही एकदम बदलून दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तो परत येतो. माझ्याकडे यासाठी एक शंभर पानी वही आहे, आणि तिच्यात प्रत्येक डिस्कची तारीख, वेळ, कोऱ्या डिस्कांच्या डब्याचा क्रमांक, वेग आणि निकाल अशी एक ओळ लिहिलेली असते. या वहीने मला काय दाखवले ते पुढे कूलरच्या संदर्भात येईलच.

बिनखर्चाच्या तपासण्या

सर्वांत आधी अडकणारी डिस्क दुसऱ्या प्लेअरवर आणि दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी. ती सगळीकडे एकाच मिनिटाला अडकत असेल तर दोष डिस्कवर किंवा तिच्यावर लिहिलेल्या फाइलमध्ये आहे, आणि एकाच घरी अडकत असेल तर त्या घरच्या प्लेअरकडे पाहावे लागेल. ही तपासणी न करता नवी डिस्क लिहून देणारे लोक दुसरी डिस्कही वाया घालवतात. सुरुवातीची दोन वर्षे मीही तेच केले.

त्यानंतर डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरून खालची बाजू पाहावी. लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा दिसतो आणि त्याची सीमा एका स्वच्छ वर्तुळाने संपते. या भागात मधेच रंगाची अस्पष्ट कडी दिसली तर तेथे ड्राइव्हने वेग बदलला असण्याची शक्यता असते, आणि तेवढ्याने काळजी करू नये. मात्र ढगासारखे डाग, थेंबाच्या आकाराचे पांढुरके ठिपके किंवा बाहेरच्या कडेशी थर सुटल्याची रेघ दिसली तर ती डिस्क बाजूला ठेवावी. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते आणि लिहिण्याचा थर त्यांच्या मधोमध असतो, म्हणून कडेचा चिकटवलेला सांधा उघडला की हवा आणि ओल सरळ त्या थरापर्यंत पोहोचतात. बोटांचे ठसे पुसायचे असतील तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये. गोल ओरखडा सलग माहिती तोडतो, आडवा ओरखडा थोडी थोडी तोडतो आणि तेवढी दुरुस्ती प्लेअर स्वतः करून घेतो.

प्लेअर डिस्क घेतच नसेल तर ती कशी लिहिली हे विचारावे. विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की दोन पर्याय समोर येतात. 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' हा पर्याय निवडला तर डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरता येते, पण घरातले बहुतेक प्लेअर ती ओळखत नाहीत, आणि घाईत हाच पर्याय दाबला जातो. 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर' हा दुसरा पर्याय घ्यावा. तरीही तेवढ्याने व्हिडिओ डीव्हीडी होत नाही. मोबाइलवरची एमपी४ फाइल जशीच्या तशी डिस्कवर ठेवली तर ती डेटा डिस्क झाली, आणि जुना प्लेअर ती नाकारणारच. प्लेअरला 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी या प्रकारच्या फाइली आणि आत एमपीईजी-२ स्वरूपातील चित्र लागते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ते ७२० बाय ५७६ आकाराचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असते.

डिस्क फायनलाइझ झाली आहे का, म्हणजे लिहिणे संपवून ती बंद केली आहे का, हेही याच वेळी पाहावे. फायनलाइझ न केलेली डिस्क ज्या ड्राइव्हने लिहिली तो ती वाचतो आणि इतर बहुधा वाचत नाहीत, त्यामुळे "माझ्याकडे तर चालते" हा वाद निष्कारण लांबतो.

किती भरावे आणि किती वेगाने लिहावे

शेवटी अडकणाऱ्या डिस्कांपैकी निदान माझ्या वहीतल्या बऱ्याचशा या दोन गोष्टींनीच सुधारल्या, म्हणून यावर थोडे थांबतो.

डब्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते, पण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने, म्हणून संगणकावर ती जागा ४.३७ किंवा ४.३८ जीबी एवढीच दिसते. शिवाय 'वजा आर' (डीव्हीडी-आर) आणि 'अधिक आर' (डीव्हीडी+आर) या दोन प्रकारांची क्षमता तंतोतंत सारखी नाही: डीव्हीडी वजा आरवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, तर डीव्हीडी अधिक आरवर ४,७०,०३,७२,९९२. फरक सुमारे ७ एमबीचा आहे, पण वजा आरवर काठोकाठ भरलेली आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकसंध प्रत) अधिक आरवर बसत नाही आणि सॉफ्टवेअर अचानक का रुसले ते कळत नाही. मी विंडोजच्या हिशेबाने ४.१ जीबीच्या वर जात नाही. त्यामुळे बाहेरच्या कडेचा सर्वांत धोक्याचा पट्टा कोराच राहतो आणि शेवटची पंधरा मिनिटे थोडी आत सरकतात. दोन तासांची चित्रफीत एवढ्या जागेत बसवायची तर चित्र आणि आवाज मिळून सरासरी बिटरेट सेकंदाला ४.८ मेगाबिटच्या आसपास येतो, आणि कॅसेटवरून उतरवलेल्या चित्राला तो पुरेसा आहे. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न आकसता, ठेवला तर तो एकटाच सुमारे १.५ मेगाबिट खातो. तो एसी-३ या आकसलेल्या स्वरूपात २०० ते २५० किलोबिटवर आणावा. चित्राची कमाल मर्यादा डीव्हीडीच्या नियमानुसार ९.८ मेगाबिट आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर ती ८ च्या पुढे नेऊ नये. वरातीच्या नाचात अडकणाऱ्या डिस्कवरचा उपाय हाच आहे. एवढे करूनही चित्रफीत मावत नसेल तर ती दोन डिस्कांवर विभागावी. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क महाग पडते, तिचे अपयशही जास्त, आणि थर बदलताना जुने प्लेअर थबकतात. महत्त्वाच्या कामासाठी मी ती वापरत नाही.

वेगाचे गणित असे आहे. डीव्हीडीचा १ पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. १६ पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २२ एमबी, आणि तोही फक्त बाहेरच्या कडेला, म्हणजे जेथे डिस्क सर्वांत कमकुवत असते नेमका तेथेच सर्वाधिक वेग. ८ पट वेगाने पूर्ण डिस्क आठ-नऊ मिनिटांत होते, १६ पटीने सहा मिनिटांच्या आसपास. बचत होणाऱ्या दोन-तीन मिनिटांसाठी डिस्क पणाला लावू नये. पण याच्या उलट टोकाला जाऊन २ किंवा ४ पटीने लिहिण्याचा आग्रहही चुकीचा आहे. १६ पटीसाठी केलेल्या डिस्कचे रंगद्रव्य थोड्या वेळात तापून बदलेल असे बनवलेले असते आणि ड्राइव्हच्या आतल्या सूचनाही त्याच बेताने लिहिलेल्या असतात, म्हणून अतिमंद वेगाने ते काम नेहमीच चांगले होते असे नाही. १६ पटीची डिस्क ८ पटीने लिहावी. ते जमले नाही तरच ६ किंवा १२ करून पाहावे.

लिहिताना स्रोत फाइल संगणकाच्या हार्ड डिस्कवर असावी, पेन ड्राइव्हवर किंवा घरच्या वायफायवर असू नये. आजच्या ड्राइव्हमध्ये बफर, म्हणजे लिहायची माहिती तात्पुरती साठवणारी जागा, रिकामा झाला तर लिहिणे थांबवून पुन्हा तेथूनच सुरू करण्याची सोय असते, पण प्रत्येक थांब्याचा एक सांधा डिस्कवर राहतो आणि नाठाळ प्लेअर त्याच सांध्यावर अडखळू शकतो. वीज गेली तर मात्र ही सोयही कामाची नाही. एकदाच लिहिता येणारी डिस्क गेली ती गेलीच. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्या वादळात दिवे लुकलुकू लागले की यूपीएस नसलेल्या संगणकावर डिस्क लिहायला घेऊ नये.

सॉफ्टवेअर

दोन कामे वेगळी ठेवावीत. चित्रफितीपासून 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर किंवा आयएसओ फाइल तयार करणे हे एक काम, आणि ती फाइल डिस्कवर लिहिणे हे दुसरे. एकाच सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाने दोन्ही केले की दोष कोणत्या टप्प्यावर आला हे कळायला मार्ग राहत नाही. आयएसओ फाइल आधी संगणकावरच व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून पाहावी. तेथेच शेवट अडकत असेल तर डिस्कचा काही संबंध नाही, आणि आपण एका कोऱ्या डिस्कचे पैसे वाचवले.

पहिल्या कामासाठी डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर मेनूसह सगळे करून देते. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ सोबत येणारा विंडोज डीव्हीडी मेकर विंडोज ८ पासून काढून टाकण्यात आला, त्यामुळे नवा संगणक घेतल्यावर तो शोधत बसू नये. दुसऱ्या कामासाठी मी इमगबर्न वापरतो. त्याची शेवटची आवृत्ती, २.५.८.०, ही २०१३ सालची आहे आणि तरीही माझ्या विंडोज १० वर ती काम करते. मोफत बर्निंग सॉफ्टवेअर कोणतेही असो, इन्स्टॉल करताना प्रत्येक पानावरचे चौकोन वाचून नको ती खूण काढावी, कारण अशा इन्स्टॉलरांसोबत जाहिराती दाखवणारे दुसरेच कार्यक्रम शिरण्याचा प्रघात आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी केथ्रीबी पुरेसे आहे. आणि नुसती आयएसओ फाइल लिहायची असेल तर विंडोज ७ पासून ती सोय विंडोजमध्येच आहे: फाइलवर उजवी क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडावे. पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअर डिस्क अधिक चांगली लिहिते असा समज आहे, तो खरा नाही. लेझर किती शक्तीने आणि कसा चालवायचा हे ड्राइव्हमधील फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत भरलेला कार्यक्रम, ठरवते. सॉफ्टवेअर त्याला माहिती पुरवते आणि नंतर तपासते.

तपासणे मात्र सोडू नये. इमगबर्नमध्ये लिहिण्यापूर्वी 'व्हेरिफाय' या चौकोनात खूण ठेवली की लिहून झाल्यावर डिस्क पूर्ण वाचून मूळ फाइलशी ताडली जाते. या वेळी नुसता 'यशस्वी' हा शब्द पाहून उठू नये, खाली दिसणारा वाचनाचा वेग पाहत राहावे. चांगल्या डिस्कवर तो आतून बाहेर सलग वाढत जातो. ८५ किंवा ९० टक्क्यांवर तो एकदम कोसळला, सावरला आणि पुन्हा कोसळला, तर ड्राइव्हला तेथे परत परत वाचावे लागत आहे असे समजावे. डीव्हीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जास्तीची माहिती लिहिलेली असते, आणि तिच्या आधारे अशी डिस्क आज ताडणीत उत्तीर्ण होते. पण ती दुरुस्तीची शिल्लक पहिल्याच दिवशी खर्च झालेली असते, आणि वर्षभराने न वाचल्या जाणाऱ्या डिस्कांची सुरुवात बहुधा येथेच झालेली असते. अशी डिस्क मी ग्राहकाला देत नाही.

मेनू, भाग आणि आवाज यांची चाचणी घेण्यासाठी पुनर्लेखनाची एक डीव्हीडी अधिक आरडब्ल्यू जवळ ठेवावी. ती साधारण हजार वेळा पुसून लिहिता येते. पण तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश कमी असल्यामुळे जुने प्लेअर ती घेत नाहीत, म्हणून ती द्यायची डिस्क नव्हे.

डिस्क

एवढ्यावर दोष गेला नाही तर आता पैसे खर्च करायचे, आणि ते डिस्कवर, ड्राइव्हवर नव्हे. एका नावाजलेल्या कंपनीचा पन्नास डिस्कांचा डबा मी सीताबर्डीवरून आणला होता, त्यातल्या वरच्या वीस उत्तम निघाल्या आणि खालच्या बारा एकामागून एक शेवटी अडकल्या. डबा कुठेतरी उन्हात दबून राहिला असावा आणि तळाच्या डिस्का बशीसारख्या किंचित वाकल्या होत्या. सपाट काचेवर ठेवून पाहिल्यावर ते दिसले. तेव्हापासून मी मोठा डबा घेत नाही. दहाचा घ्यावा, दोन डिस्का लिहून वाचनाचा वेग पाहावा आणि पटले तर त्याच दिवशी त्याच दुकानातून त्याच खेपेतले आणखी घ्यावेत.

डब्यावरचे नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना हे एकच असतील असे नाही. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या मूळ उत्पादकाचा एक संकेत आधीच कोरलेला असतो. डिस्क आत घालून इमगबर्नमध्ये 'राइट' हा विभाग उघडला की उजव्या बाजूच्या चौकटीत 'डिस्क आयडी' म्हणून तो दिसतो. ड्राइव्ह हाच संकेत वाचतो, फर्मवेअरमधील यादीत शोधतो आणि त्या डिस्कसाठी ठरलेल्या पद्धतीने लेझर चालवतो. संकेत यादीत नसेल तर तो एक सरधोपट पद्धत वापरतो, आणि मग एकाच डब्यातील डिस्क तुमच्या घरी बिघडते आणि शेजारच्या घरी चांगली निघते. म्हणून वहीत कंपनीच्या नावाशेजारी हा संकेत लिहावा. दोन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकच संकेत निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि जास्त पैसे दिलेला डबा तेव्हा कपाटातून माझ्याकडे पाहून हसत असावा.

बाजार आता आटला आहे, हेही लक्षात ठेवावे. १९८३ साली सुरू झालेली आणि एकेकाळी आपल्याकडे घरोघरी दिसणारी मोझर बेअर ही भारतीय कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. जाणकार ज्यांच्या डिस्का शोधत असत त्या जपानच्या टायो युडेनने २०१५ च्या अखेरीस हा व्यवसाय सोडला. आणि व्हर्बाटिम हे नाव २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेले. त्यामुळे एखाद्या दुकानात जुन्या नावाचा सीलबंद डबा स्वस्तात दिसला तर तो किती उन्हाळे गोदामात काढून आला आहे हा प्रश्न आधी विचारावा. कोऱ्या डिस्कचे रंगद्रव्यही वयाने आणि उष्णतेने बिघडते.

वजा आर की अधिक आर? फारच जुना प्लेअर असेल तर वजा आर घ्यावी, कारण तो प्रकार १९९७ पासून आहे आणि अधिक आर २००२ मध्ये आला. मात्र ड्राइव्ह परवानगी देत असेल तर अधिक आर डिस्कवर 'बुकटाइप' बदलून ती छापील डीव्हीडी-रॉम असल्याचे नोंदवता येते, आणि मग नाक मुरडणारे काही प्लेअर ती मुकाट्याने घेतात. डिस्कवर कागदी लेबल कधीही चिकटवू नये. त्याने तोल जातो, आणि उन्हाळ्यात ते आकसून डिस्क वाकवते. नाव लिहायचे तर सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या पेनने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे.

केबल, कूलर आणि धूळ

बाहेरून जोडायचा पातळ यूएसबी ड्राइव्ह लिहिताना मधेच बंद पडत असेल तर तो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये थेट लावावा, मधे हब ठेवू नये. यूएसबी २.० चे पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देते आणि लिहिताना लेझर व मोटर मिळून काही ड्राइव्ह त्याहून जास्त मागतात. दोन टोकांची केबल सोबत आली असेल तर दुसरे टोकही लावावे. ते अडगळ म्हणून दिलेले नसते. संगणकाच्या आतल्या ड्राइव्हसाठी साटाची (माहिती नेणारी) केबल बदलून पाहणे हा त्यानंतरचा स्वस्त प्रयोग आहे.

आता कूलर. एका मे महिन्यात माझ्या डिस्का बिघडू लागल्या आणि मी सॉफ्टवेअर, डबा, वेग सगळे बदलून थकलो. शेवटी वही उघडली तेव्हा दिसले की सकाळी आठ ते दहा लिहिलेली प्रत्येक डिस्क चांगली होती आणि बिघडलेली प्रत्येक दुपारी दोन ते पाचमधली. बाहेर ४५ अंश, खिडकीत कूलर, आणि कूलरच्या वाऱ्यात बरोबर समोर कॅबिनेट. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो वारा माणसाला सुखाचा असला तरी त्यात ओल असते, आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की मागे क्षार राहतो. ड्राइव्हच्या ट्रेवर बोट फिरवले तर बारीक पांढरी पूड लागली. तीच पूड भिंगावरही बसत असणार. शिवाय लेझरला लागणारी शक्ती तापमानाप्रमाणे बदलते, म्हणूनच तर ड्राइव्ह प्रत्येक डिस्कपूर्वी कॅलिब्रेशन करतो, आणि तापलेल्या व दमट ड्राइव्हचे ते गणित चुकले की 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' येते. मी कॅबिनेट समोरच्या भिंतीकडे हलवले, डिस्का सकाळी लिहू लागलो आणि तो दोष त्या वर्षापुरता संपला. एकामागून एक डिस्का लिहिताना दर दोन-तीन डिस्कांनंतर ड्राइव्हला दहा मिनिटे उसंत द्यावी, ही सवय तेव्हाचीच. लिहिलेल्या डिस्का कूलरच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नयेत; आतल्या खोलीत, डबीत, उभ्या ठेवाव्यात.

भिंग साफ करण्याबाबत जपून. पातळ ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर आली की भिंगही तिच्यासोबत बाहेर येते, त्यावर रबरी फुग्याने हवा मारावी, आणि फारच गरज पडली तर कोरड्या स्वच्छ इअरबडने अगदी हलका स्पर्श करावा. मोठ्या ड्राइव्हमध्ये भिंग आत राहते. त्यासाठी ब्रश असलेली क्लीनर डिस्क एकदाच चालवून पाहावी. रोज चालवली तर भिंगाचा नाजूक आधार ढिला होतो.

यानंतर उरते ते फर्मवेअर. निर्मात्याच्या पानावर त्याच ड्राइव्हच्या नेमक्या मॉडेलसाठी नवी आवृत्ती असेल तर नव्या डिस्कांचे संकेत त्या यादीत येतात. मॉडेलचे एक अक्षर जरी वेगळे असेल तर हात लावू नये, कारण चुकीच्या फर्मवेअरने ड्राइव्ह कायमचा निकामी होतो, आणि ते चालू असताना वीज गेली तरी तेच होते. हे जमत नसेल तर थेट दुसऱ्याचा ड्राइव्ह एका दिवसापुरता मागून आणावा आणि तीच डिस्क, तीच फाइल, तोच वेग ठेवून लिहावी. त्यावर दोन डिस्का निर्दोष निघाल्या तर आपला लेझर थकला आहे, आणि नवा ड्राइव्ह घ्यावा. लेझर बदलण्याची दुरुस्ती ड्राइव्हच्या किमतीत परवडत नाही.

कुठे थांबावे

ड्राइव्हचे आवरण उघडून तो चालू करू नये. लिहिणारा लेझर डोळ्याला कायमची इजा करू शकतो, आणि सीडीचा ७८० नॅनोमीटरचा किरण तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून पापणी मिटण्याची नैसर्गिक सावधगिरीही तेथे उपयोगी पडत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, ड्राइव्ह सुरू होताच संगणक बंद पडत असेल किंवा जळका वास येत असेल तर डिस्कचा विचार सोडून प्लग काढावा; आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि मग संगणक दुरुस्ती करणाऱ्याकडून पॉवर सप्लाय. लॅपटॉपमधील ड्राइव्ह वॉरंटीत असेल तर स्क्रूलाही हात न लावता अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. मधल्या भोकाशी तडा गेलेली डिस्क कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नये, वेगाने फिरताना तिचे तुकडे होतात.

आणि जी डिस्क एकुलती एक आहे, जिच्यातला माणूस आता नाही किंवा जिची मूळ कॅसेट केव्हाच फेकली गेली आहे, ती वाचली जात नसेल तर वरचे प्रयोग तिच्यावर करू नयेत. कोरड्या कापडाने एकदा पुसून, दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये, वाचता न येणारे भाग सोडून पुढे जाणाऱ्या सॉफ्टवेअरने एकदाच तिची आयएसओ फाइल काढण्याचा प्रयत्न करावा. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू हे काम करते, विंडोजमध्ये आयसोबस्टर. टूथपेस्ट, पॉलिश, फ्रीजमध्ये ठेवणे हे ऐकीव उपाय टाळावेत. त्या एका प्रयत्नात हवा तो भाग आला नाही तर डिस्क डबीत घालावी, डबीवर 'पुन्हा चालवू नये' असे लिहावे आणि ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यावी. देताना किती वेळा आणि कोणत्या ड्राइव्हवर प्रयत्न केले ते कागदावर लिहून सोबत ठेवावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी मागून घ्यावा.